शिक्षकी पेशा आणि कर्जाचा हिशेब

बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज काढतो. न काढल्यास पाया घालूनच हात आखडावा लागतो आणि पाहणारे हसतात, अशा आशयाचा प्रभू येशूचा दृष्टांत लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात आहे. शाळेच्या सकाळच्या उपासनेत आम्ही तो कित्येकदा सांगितला आहे. तो शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी दिलेला आहे हे खरे. तथापि त्याचा जो साधा, घरगुती अर्थ आहे तोही खोटा नाही. तो अर्थ आम्ही आपल्या विद्यार्थ्यांस जितक्या आग्रहाने सांगावयास हवा होता तितका सांगितला नाही, ही कबुली देऊनच प्रस्तुत लेखास आरंभ करणे आम्हांस प्राप्त आहे.

गेल्या पालकसभेनंतर दहावीतील एका मुलीचे वडील आमच्याजवळ थांबले. गृहस्थ शेतकरी, जमीन सव्वा एकर. "सर, पोरीला मास्तरीण व्हायचंय," ते म्हणाले. "बी.एड.ला खर्च फार येतो म्हणतात. अर्धा एकर गहाण टाकू, का बँकेचं कर्ज काढू?" मुलगी बाजूस उभी होती. अभ्यासात चांगली, धाकट्या मुलांना घेऊन गणित समजावून सांगण्याची तिला आवड. अशा मुलीस शिक्षिका होण्यापासून परावृत्त करणे आमच्या जिवावर येते. नेहमीचे उत्तर ओठांवर आले होते की, "काढा कर्ज, शिक्षकाचा पगार चांगला आहे, नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत फिटून जाईल." परंतु ते उत्तर त्या दिवशी घशातच अडकले, कारण हेच शब्द आम्ही पूर्वी एका विद्यार्थ्यास सांगितले होते.

तो विद्यार्थी २०१६ साली बी.एड.ला गेला. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. २०१५-१६ पासून तो दोन वर्षांचा झाला. २०१८ च्या उन्हाळ्यात तो पदवी घेऊन बाहेर पडला. राज्यातील शिक्षकभरती २०१२ पासून बराच काळ बंद राहिल्यावर शासनाने 'पवित्र' संकेतस्थळामार्फत भरती करण्याचे ठरविले, व तीसाठी लागणारी अभियोग्यता परीक्षा प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा होता. पुढील परीक्षा लवकरच होईल असे त्यालाही वाटले व आम्हांलाही वाटले. ती झाली २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये! मधल्या काळात तो एका विनाअनुदानित शाळेत दरमहा ९,००० रुपयांवर शिकवीत होता. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद पडल्या, फी जमा होईना, आणि कित्येक महिने ते ९,०००ही हाती आले नाहीत. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तिचा त्याने लाभ घेतला. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नसते, ते मुद्दलावर चढत राहिले. २०२४ च्या आरंभी त्याची निवड झाली व तो शिक्षण सेवक म्हणून रुजू झाला. तोवर बँकेच्या हप्त्यांपैकी बहुतेक हप्ते वडिलांच्या कांद्याच्या पैशातून आणि रात्रीच्या शिकवण्यांतून फिटून गेले होते. म्हणजे ज्या पगारावर कर्ज फेडावयाचे असे आम्ही त्यास सांगितले होते, तो पगार हप्ते जवळजवळ संपत आल्यावर सुरू झाला. भेटावयास आला तेव्हा त्याने आम्हांस दोष दिला नाही. पेढे घेऊन आला होता. आम्हांस मात्र तो पेढा गोड लागला नाही.

सबब या मुलीच्या वडिलांस आम्ही एवढेच म्हटले की, "आठ दिवस द्या, हिशेब करून सांगतो." तोच हिशेब येथे विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडीत आहोत. सरळव्याजाचे गणित येणाऱ्या कोणासही तो समजेल. आकडे त्या माजी विद्यार्थ्याचेच, फक्त सोयीसाठी गोल केलेले आहेत.

समजा, पहिल्या वर्षाच्या आरंभी १,००,००० व दुसऱ्या वर्षाच्या आरंभी १,००,००० असे दोन लाख रुपये बँकेकडून घेतले. यात केवळ फी नव्हे. खोलीभाडे, खाणावळ, पुस्तके, पाठ-टाचणांच्या वह्या, तक्ते, गणवेश, परीक्षाशुल्क ही सर्व आली. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळांत जाऊन प्रत्यक्ष काम करावयाचे असते, त्या काळात इतर नोकरी करून चार पैसे मिळविणे अशक्यप्राय, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. व्याजाचा दर दरसाल दरशेकडा १० धरू. दर बँकेगणिक निराळा असतो व बहुधा बदलता असतो. म्हणून आज ठरलेला हप्ता शेवटपर्यंत तोच राहील असे मानू नये.

शैक्षणिक कर्जास अभ्यासक्रमाची मुदत व त्यापुढे एक वर्ष इतकी हप्त्यांची सवलत मिळते. पुष्कळ पालक हिला 'बिनव्याजी मुदत' समजतात. ती तशी नाही. या काळात सरळव्याज चालूच असते. पहिल्या लाखावर तीन वर्षांचे व्याज ३०,०००, दुसऱ्या लाखावर दोन वर्षांचे २०,०००, मिळून ५०,०००. हे व्याज मुद्दलात मिळविले जाते व हप्ते सुरू होतात तेव्हा डोक्यावर दोन लाख नव्हे, अडीच लाख असतात. एक पैसाही मिळविण्यापूर्वी कर्ज सव्वापट झाले!

आता हे अडीच लाख किती मुदतीत फेडावयाचे? पाच वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे ५,३१२ रुपये बसतो आणि एकूण ३,१८,७०० च्या आसपास भरावे लागतात. दहा वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता ३,३०४ वर उतरतो, परंतु एकूण भरणा ३,९६,४५० होतो. पंधरा वर्षे घेतल्यास हप्ता २,६८७ आणि एकूण ४,८३,५७० रुपये. लहान हप्ता पाहून हुरळून जाणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. अडीच लाखांवर पहिल्या महिन्याचे व्याजच २,०८३ रुपये होते. पाच वर्षांच्या हप्त्यातून ते वजा जाता ३,२२९ रुपये मुद्दल कमी होते. पंधरा वर्षांच्या हप्त्यातून केवळ ६०४. माणूस दरमहा इमानाने बँकेत जातो आणि कर्ज जागचे हलत नाही, याचे कारण हे आहे. त्यात कोणाची लबाडी नाही, गणित आहे.

ही झाली तराजूची एक बाजू. दुसऱ्या बाजूस पगार ठेवावयाचा; पण कोणता पगार? येथेच आमची, आणि बहुतेक घरांची, चूक होते.

माध्यमिक शाळेतील बी.एड. झालेल्या शिक्षकाची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते; त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, आणि वर्षास तीन टक्के वाढ. हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. ५,३१२ चा हप्ता त्यापुढे काहीच नाही. मूळ वेतनाच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. परंतु हे वेतन नेमणुकीच्या दिवशी मिळत नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून नवा शिक्षक आधी तीन वर्षे शिक्षण सेवक असतो, आणि त्यास वेतन नव्हे तर मानधन मिळते. आरंभी हे मानधन प्राथमिक शाळेत ३,०००, माध्यमिकात ४,००० व उच्च माध्यमिकात ५,००० होते. आम्ही स्वतः त्याच ४,००० वर या पेशात पाऊल ठेवले. आमच्या फीची रक्कम मिशनने बिनव्याजी दिली होती आणि ती सवडीने फेडावयाची होती, म्हणून ते दिवस निभावले. आमच्याबरोबरच्या ज्यांस अशी सवड नव्हती त्यांतील दोघे पेशा सोडून गेले, व त्यांपैकी एक आमच्याहून खचित चांगला शिक्षक होता. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन अनुक्रमे १६,०००, १८,००० व २०,००० झाले आहे. वाढ मोठी आहे, पण वेतनश्रेणीशी तुलना केली तर अंतर अद्याप पुष्कळ आहे.

तेव्हा हप्ता ३८,६०० शी नव्हे, १८,००० शी ताडून पाहावयास हवा. आपल्या तालुक्याबाहेर नेमणूक झालेल्या तरुण शिक्षकाचा महिना आम्ही काही नवशिक्षकांस विचारून मांडला. खोलीचे भाडे ३,०००; खाणावळ ४,०००; जाण्यायेण्यास व इतर किरकोळ १,५००; घरी आईवडिलांस ४,०००. एकूण १२,५००. राहिले ५,५००. त्यातून हप्ता ५,३१२ गेला की हाती उरले १८८ रुपये. एवढ्यात कपडालत्ता, आजारपण, नाताळ आणि बहिणीचे लग्न! शिवाय शिक्षक पुरुष असल्यास त्यास व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये भरावे लागतात (२५,००० पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांस तो माफ आहे). म्हणजे शिक्षिकेस १८८ रुपये उरतात आणि शिक्षकास १२ रुपये कमी पडतात. हे वाचून मुले हसतील, हसावे, पण त्यांच्या वडिलांनी आकडेमोड पुन्हा करून पाहावी.

आणखी एक गोष्ट आम्हांस हिशेब करताना दिसली, जी इतकी वर्षे या पेशात काढून आमच्या ध्यानात आली नव्हती. तीन वर्षांत मानधन म्हणून मिळतात ६,४८,००० रुपये. तेवढ्याच काळात नुसते मूळ वेतन मिळते तर १३,८९,६०० झाले असते. भत्ते सोडून दिले तरी फरक ७,४१,६०० चा. बँकेच्या पुस्तकात दिसणारे कर्ज अडीच लाखांचे. या मधल्या वर्षांचा न दिसणारा भार त्याच्या जवळजवळ तिप्पट! कोणी म्हणेल की, जे कधी मिळालेच नाही त्यास तोटा कसा म्हणावा? शंका रास्त आहे. तो तोटा खातेवहीत मांडता येणार नाही. परंतु घर चालविणाऱ्यास तो जाणवल्यावाचून राहत नाही, कारण हप्ता नेमका त्याच वर्षांत येतो. कर्जाची मुदत व मानधनाची मुदत या दोन्ही एकाच वेळी चालतात. आमच्या मते या प्रश्नाचे सारे मर्म येथे आहे. शिक्षकाचा पगार कर्ज फेडण्यास पुरत नाही असे नाही, चांगला पुरतो. पण पदवी आणि तो पगार यांच्यामध्ये जी वर्षे आहेत ती कोण निभावणार, हे कर्ज काढताना कोणी विचारीत नाही.

ती वर्षे किती, हे निश्चित सांगता येत नाही, आणि बँकेची मुदत मात्र निश्चित असते. अभियोग्यता परीक्षा २०१७, २०२३ व २०२५ अशा झाल्या. पहिल्या दोहोंत पाच वर्षांहून अधिक अंतर पडले, पुढच्या दोहोंत सुमारे दोन वर्षांचे. यावरून पुढील अंतराचा नियम बसवू पाहणे व्यर्थ होय. अल्पसंख्याक संस्थांस आपले शिक्षक स्वतः निवडण्याचा अधिकार आहे, त्यामुळे मिशनच्या शाळांत क्वचित लवकर जागा निघते. पण जागा मोजक्या व इच्छुक पुष्कळ. म्हणून हिशेब करणाऱ्याने पदवीनंतर निदान दोन वर्षे प्रतीक्षेची धरावी. त्यांपैकी पहिल्या वर्षी हप्ता नाही. दुसऱ्या वर्षी आहे, आणि उत्पन्न विनाअनुदानित शाळेतील ९,००० असेल तर ५,३१२ चा हप्ता म्हणजे अर्ध्याहून अधिक रक्कम.

मग किती कर्ज काढावे? आम्ही एक साधे माप सुचवितो. ते कोणा बँकेचे नव्हे, आमचेच आहे. मासिक हप्ता मानधनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावा. १८,००० चा पाचवा हिस्सा ३,६००. पाच वर्षांत फेडावयाचे असल्यास इतक्या हप्त्यात बसणारे कर्ज सुमारे १,३५,००० रुपयांचे होते: त्यावर सवलतीच्या काळातील व्याज चढून १,६८,७५० होतात, आणि हप्ता ३,५८५. दोन लाखच लागणार असतील तर मुदत दहा वर्षांची घ्यावी, पण पूर्ण वेतन सुरू होताच अधिक रक्कम भरून कर्ज लवकर मिटवावे. मुदत लांब घेणे हा दोष नाही. लांब घेऊन तशीच लांबू देणे हा दोष आहे.

व्याज सुरुवातीपासून भरीत गेल्यास लाभ किती होतो, हेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या वर्षी दरमहा ८३३ व नंतर १,६६७ रुपये घरच्यांनी भरले तर हप्ते सुरू होताना मुद्दल दोन लाखच राहते, पाच वर्षांचा हप्ता ५,३१२ ऐवजी ४,२४९ होतो आणि एकंदरीत सुमारे १३,७०० रुपये वाचतात. पुष्कळ बँका अशा कर्जदारास व्याजात एक टक्का सूटही देतात. ज्या घरात दूध किंवा अंडी विकून दरमहा हजार-दीड हजार सुटे मिळतात, त्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत आहे असे जाहिरातीत असते. पण ज्यास आयकरच लागत नाही त्या शिक्षण सेवकास तिचा काय उपयोग?

जमिनीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही त्या गृहस्थांस आठ दिवस न थांबता देऊ शकलो असतो, आणि ते ठाऊक नव्हते याची लाज वाटते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँकेने तारण मागावयाचे नसते, व विद्यार्थ्याने स्वतःचा हिस्साही आधी भरावा लागत नाही. आईबाप सहकर्जदार म्हणून सही करतात, तेवढे पुरते. दोन लाखांसाठी अर्धा एकर गहाण टाकण्याचे कारणच नाही. मात्र सहकर्जदार होणे म्हणजे नुसती सही नव्हे. मुलाचे हप्ते थकले तर ती थकबाकी वडिलांच्या नावावरही नोंदली जाते आणि पुढे पीककर्ज मागावयास गेल्यावर ती समोर येते. सावकाराकडून किंवा दागिने मोडून पैसे उभे करणाऱ्यांविषयी येथे लिहीत नाही; त्यांस व्याजाचे गणित आमच्याहून चांगले कळते, फक्त उपाय सुचत नाही. त्यांनी एकदा बँकेत जाऊन विचारावे.

एका कर्जाविषयी मात्र स्पष्ट लिहिणे भाग आहे. काही ठिकाणी शिक्षकाच्या जागेसाठी 'देणगी' मागितली जाते, आणि लोक जमीन विकून ती देतात. ही देणगी नव्हे. तिची पावती मिळत नाही, ती कोणत्या न्यायालयात मागता येत नाही, आणि नेमणूक बेकायदा ठरली तर पगारही जातो व जमीनही जाते. २०२५ मध्ये नागपुरात बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले, त्याच्या बातम्या पालकांनी वाचल्या असतील. ज्याने खोट्या मार्गाने वर्गात प्रवेश केला त्याने मुलांस कोणत्या तोंडाने प्रामाणिकपणा शिकवावा? आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी या वाटेने जाऊ नये. गेल्यास आमच्याकडे सल्ला मागावयास येऊ नये.

कर्ज कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ते मुळात कमी लागेल असा मार्ग निवडणे. पहिली ते पाचवीच्या मुलांस शिकविण्याची आवड असेल तर बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणाची पदविका आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निर्णयानंतर या वर्गांसाठी बी.एड. ग्राह्य नाही, पदविकाच लागते. कित्येक मुले मोठी पदवी म्हणून बी.एड. करतात आणि नंतर प्राथमिक शाळेच्या जागांस अपात्र ठरतात, हे आम्ही पाहिले आहे. माध्यमिक शाळेतच शिकवावयाचे असल्यास पदवीची तीन व बी.एड.ची दोन अशी पाच वर्षे लागतात; पण बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आता काही संस्थांत सुरू झाला आहे, आणि २०३० पर्यंत तोच शिक्षकाची किमान पात्रता व्हावा असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. जी मुलगी २०२६ साली दहावी होईल ती २०२८ मध्ये बारावी होईल. या मार्गाने २०३२ मध्ये, जुन्या मार्गाने २०३३ मध्ये बाहेर पडेल. एक वर्ष कमी म्हणजे एक वर्षाची खोली व खाणावळ कमी.

मुलींस आणखी एक सवलत आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांस केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. संस्थेच्या स्वतःच्या कोट्यातून प्रवेश घेणाऱ्यास ही सवलत नाही. म्हणजे प्रवेशपरीक्षेत मिळालेले काही गुण फीच्या रकमेइतके मोलाचे ठरतात. उत्पन्नाचा व जातीचा दाखला ऐन वेळी धावपळ करून मिळत नाही. तो दहावीपासूनच तयार ठेवावा.

कोणी आम्हांस विचारील की, मिशनच्या शाळेतील शिक्षकाने पैशाचा एवढा कीस काढावा काय? शिक्षण ही सेवा नव्हे काय? सेवा खरीच. परंतु सेवेचे नाव घेऊन हिशेब झाकणे ही सेवा नव्हे. आमच्या पूर्वीच्या पिढीने तसे केले नव्हते. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण अहमदनगरास मिस फॅरार व पुण्यास मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले. ज्यांस शिक्षिका हव्या होत्या त्यांनीच त्या घडविण्याचा भार उचलला. पुढे सरकारी अध्यापन विद्यालयांतही उमेदवारांस विद्यावेतन मिळत असे. शिक्षक तयार करणे हे समाजाचे काम आहे, त्याचा खर्च समाजाने सोसावा, असा त्यामागील विचार होता. आज तो खर्च उमेदवाराच्या बापाने सोसावा आणि नंतर तीन वर्षे उमेदवाराने अल्प मानधनावर काम करावे, असे झाले आहे. हे बदलावे असे आम्हांस वाटते व तसे आम्ही म्हणत राहू; पण ते बदलेपर्यंत मुलांस अंधारात ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आणि हिशेबाच्या दुसऱ्या टोकास काय आहे, हेही न सांगणे अन्यायाचे होईल. ती मधली वर्षे पार पडली की शिक्षकाचे घर स्थिरावते. आमचा तो माजी विद्यार्थी २०२७ मध्ये शिक्षण सेवकाची मुदत पुरी करील. बी.एड. होऊन त्यास तोवर नऊ वर्षे झालेली असतील. पण कर्ज नसेल, वेतन पूर्ण असेल. "पुन्हा संधी मिळाली तर हेच करशील काय?" असे आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, "करीन, सर. पण दोन लाख काढणार नाही. घराजवळच्या कॉलेजात जाईन."

ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी ते गृहस्थ आले. मुलगीही आली होती. आम्ही वहीच्या दोन पानांवर सर्व मांडून ठेवले होते: एका पानावर फी माफ झाल्यास लागणारा खर्च, दुसऱ्यावर न झाल्यास, खाली १,३५,००० चा आकडा लाल शाईने, आणि "जमीन गहाण टाकू नये" हे शब्द. वडिलांनी ती पाने बराच वेळ वाचली. "हिच्या आईला दाखवतो," एवढेच ते म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवू लागले. मुलीने ती पाने त्यांच्या हातातून परत घेतली, बोटाने ओळी मोजीत खालपर्यंत गेली आणि विचारले, "सर, पहिला हप्ता कोणत्या महिन्यापासून सुरू होतो ते यात लिहिलेलं नाही."

ते खरोखरच लिहावयाचे राहिले होते. आम्ही पेन काढून लिहिले: बी.एड.चा मार्ग धरल्यास जून २०३४.